वृत्तपत्राचा लोकपाल आणि वाचकाची तक्रार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृत्तपत्राचा लोकपाल म्हणजे नेमके कोण?

वाचकांच्या तक्रारी ऐकणे, त्यांची चौकशी करणे आणि चौकशीतून निघालेला निष्कर्ष त्याच वृत्तपत्रात स्वतःच्या सहीने छापणे, या कामासाठी वृत्तपत्राने नेमलेली व्यक्ती म्हणजे त्या वृत्तपत्राचा लोकपाल. हे पद कुठे रीडर्स एडिटर, कुठे पब्लिक एडिटर, तर कुठे ओम्बुड्समन या नावाने ओळखले जाते. भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी कायद्याने स्थापन झालेल्या लोकपालाशी त्याचा काहीही संबंध नाही.

हा लोकपाल संपादकाला आदेश देऊ शकत नाही, कोणती बातमी छापावी किंवा छापू नये हे ठरवत नाही आणि कोणाला शिक्षाही करत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात. वार्ताहरापासून संपादकापर्यंत कोणालाही प्रश्न विचारण्याची मुभा ही पहिली, आणि संपादकाची कात्री जिथे चालत नाही अशी पानावरची हक्काची जागा ही दुसरी. या दोहोंपैकी एक जरी काढून घेतली, तरी उरते ते केवळ टपाल सांभाळणारे खाते.

संपादक जबाबदार असतोच, मग वेगळ्या व्यक्तीची गरज काय?

आपल्याकडच्या प्रत्येक दैनिकाच्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार (वृत्तपत्रे आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा) अमुक व्यक्तीची आहे, असे तिथे लिहिलेले असे. १८६७ च्या त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने जबाबदार कोण, याचे उत्तर त्या ओळीतून मिळते. मात्र बातमी चुकीची आहे असे वाटणाऱ्या सामान्य वाचकाच्या हाती ती ओळ काहीच देत नाही. बदनामीचा खटला लढण्याइतका पैसा आणि वेळ त्याच्यापाशी नसतो, आणि बऱ्याचदा त्याची तक्रार खटल्याच्या मापाचीही नसते. चुकीचे छायाचित्र, अर्धवट उद्धृत केलेले वाक्य, मथळ्यात आहे पण मजकुरात नाही असा आरोप, एका बाजूचेच म्हणणे मांडणारी बातमी, अशाच तक्रारी बहुसंख्य असतात.

अशी तक्रार संपादकाकडे गेली की ज्याने ती बातमी पानावर घेतली तोच तिचा न्याय करू लागतो. संपादक प्रामाणिक असला तरी आपल्या सहकाऱ्यांची पाठराखण करणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो, आणि तसा तो असायलाही हवा. म्हणूनच वाचकाच्या बाजूने प्रश्न विचारणारा माणूस संपादकीय साखळीच्या बाहेरचा असावा लागतो.

ही कल्पना आली कुठून?

तिची मुळे एकाच ठिकाणी नाहीत. स्वीडनच्या संसदेने प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींसाठी १८०९ मध्ये लोकपालाचे पद निर्माण केले. तिथल्या वृत्तपत्रसृष्टीने १९१६ मध्ये स्वतःची वृत्तपत्र परिषद स्थापन केली आणि १९६९ मध्ये सर्व वृत्तपत्रांसाठी मिळून एक लोकपाल नेमला. ज्या वृत्तपत्राविरुद्ध निर्णय जाईल त्याने तो निर्णय आपल्या पानावर छापायचा आणि ठरलेले शुल्कही भरायचे, अशी ती पद्धत आहे. २०२० पासून तिची कक्षा वृत्तपत्रांपलीकडच्या माध्यमांपर्यंत वाढवण्यात आली. जपानमध्ये असाही शिम्बुनने वाचकांच्या तक्रारींसाठी १९२२ मध्येच समिती नेमली होती.

एका वृत्तपत्राचा स्वतःचा लोकपाल ही रचना मात्र अमेरिकेत रुळली. १९६७ मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातील कुरिअर-जर्नल आणि टाइम्स या एकाच मालकीच्या दोन दैनिकांनी जॉन हर्शनरोडर यांना या पदावर नेमले. त्याच वर्षी ए. एच. रॅस्किन आणि बेन बॅगडिकियन या दोन पत्रकारांनी अशा पदाची गरज जाहीरपणे मांडली होती. पुढे वॉशिंग्टन पोस्ट (१९७०), कॅनडातील टोरांटो स्टार (१९७२), स्पेनमधील एल पाईस (१९८५), ब्राझीलमधील फोल्या दे साओ पावलो (१९८९) आणि ब्रिटनमधील गार्डियन (१९९७) यांनी हे पद निर्माण केले. १९८० मध्ये या लोकपालांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

दुरुस्ती किंवा खुलासा छापला जातोच, तेवढ्याने भागत नाही का?

दुरुस्ती छापणे ही पहिली पायरी आहे आणि तीही आपल्याकडे नीट चढली जात नाही. पहिल्या पानावर सहा स्तंभांत गेलेल्या बातमीची दुरुस्ती चार दिवसांनी आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी, एका चौकटीत येते, आणि मूळ चूक काय होती हे त्या चौकटीवरून कळतही नाही. ‘काल प्रसिद्ध झालेल्या वृत्तात अनवधानाने चूक झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत’ एवढ्या मजकुरातून वाचकाला कोणतीही माहिती मिळत नाही.

गार्डियनचे पहिले रीडर्स एडिटर इयन मेज यांनी रोज ठरावीक जागी दुरुस्त्यांचे सदर चालवले. हिंदू या दैनिकाने तीच पद्धत आणली. हिंदूच्या सदराखालची सूचना मला मुद्दाम सांगावीशी वाटते. चूक कळवताना आवृत्ती कोणत्या गावची, तारीख कोणती आणि पान कोणते हे नमूद करावे, असे ती वाचकाला सांगते. एवढ्याशा ओळीतही वृत्तपत्र तक्रारीची वाट पाहत असल्याचे दिसते. ती नोंदवायची कशी हे वाचकाला आधीच सांगून ठेवलेले असते.

दुरुस्तीने न भागण्याचे कारण वेगळे आहे. ‘काय चुकले’ एवढेच तिच्यातून कळते. चूक कशी झाली, कोणत्या टप्प्यावर थांबवता आली असती, ती एकाची होती की पद्धतीची, हे सांगायला लोकपालाचा सविस्तर लेखच लागतो.

लोकपालाने खरोखर काही उलगडून दाखवल्याचे उदाहरण आहे का?

या पदाच्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण वॉशिंग्टन पोस्टचे आहे. २८ सप्टेंबर १९८० रोजी त्या दैनिकाने जॅनेट कुक या वार्ताहराची एक बातमी पहिल्या पानावर छापली. वॉशिंग्टन शहरातला आठ वर्षांचा एक मुलगा हेरॉइनच्या आहारी गेला आहे, असे तिच्यात म्हटले होते. शहर हादरले. महापौरांनी मुलाचा शोध घ्यायला सांगितले, पोलिसांनी वस्त्या पालथ्या घातल्या, पण मुलगा सापडला नाही. १३ एप्रिल १९८१ रोजी त्या बातमीला पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर वार्ताहराची जी माहिती प्रसिद्ध झाली तिच्यातील शिक्षणाचे तपशील खोटे असल्याचे लक्षात आले, चौकशीला तोंड फुटले आणि असा मुलगा कधी नव्हताच, हे तिने कबूल केले. पुरस्कार परत करण्यात आला.

इथपर्यंतची हकीकत पत्रकारितेच्या कोणत्याही वर्गात सांगितली जाते. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पोस्टचे तेव्हाचे लोकपाल बिल ग्रीन यांनी चौकशी केली आणि १९ एप्रिल १९८१ रोजी, म्हणजे पुरस्कार जाहीर झाल्यापासून आठवड्याच्या आत, पहिल्या पानावर सुरू होऊन आतली पाने व्यापणारा अहवाल त्याच वृत्तपत्रात छापून आला. एका सहकाऱ्याने त्या वार्ताहरासोबत गाडीतून फिरून ते घर शोधण्याचा प्रयत्न केला होता, ते तिला दाखवता आले नाही, आणि त्याने आपली शंका वरिष्ठांच्या कानावरही घातली होती, हे वाचकांना या अहवालातून कळले. मुलाचे खरे नाव वरिष्ठांपैकी कोणीही आग्रहाने विचारले नव्हते, हेही कळले. तपासणीची व्यवस्था होती, ती वापरली गेली नाही, असा ग्रीन यांच्या निष्कर्षाचा रोख होता. पुरस्कारांची धडपड घातक आहे, असेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. ज्यांच्यावर हा ठपका येत होता त्यांत वॉटरगेट प्रकरणामुळे जगप्रसिद्ध झालेले संपादक बेन ब्रॅडली आणि बॉब वुडवर्ड होते.

हाच मजकूर एखाद्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्राने छापला असता तर ती स्पर्धकाची टीका ठरली असती, आणि संपादकाने लिहिला असता तर बचाव. तो विश्वासाने वाचला गेला, कारण लिहिणाऱ्याचे स्थान वृत्तपत्राच्या आत पण संपादकाच्या अधिकाराबाहेर होते.

पगार वृत्तपत्राकडूनच मिळतो, मग तो स्वतंत्र कसा?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नेमणुकीच्या अटींत शोधावे लागते. गार्डियनच्या रीडर्स एडिटरला संपादक काढू शकत नाही. तो अधिकार वृत्तपत्राची मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टकडे आहे. फोल्याने आणखी पुढचा विचार केला. तिथे लोकपालाला मुदत संपेपर्यंत काढता येत नाही आणि मुदत संपल्यावरही काही महिने त्याच्या नोकरीला संरक्षण असते, म्हणजे शेवटच्या महिन्यांत त्याची लेखणी बिचकू नये.

अटी कागदावर आहेत की मालकाच्या मर्जीवर, यावर सारे अवलंबून असते. तुर्कस्तानातील पत्रकार यावुझ बायदार यांचा अनुभव याची साक्ष देतो. सबाह या दैनिकाचे लोकपाल असताना २०१३ च्या सरकारविरोधी गेझी पार्क आंदोलनाच्या वार्तांकनावर वाचकांनी घेतलेले आक्षेप आणि त्यावरचे आपले मत त्यांनी मांडले, आणि त्याच वर्षी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. म्हणून एखाद्या वृत्तपत्राने लोकपाल नेमल्याची घोषणा केली की वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात. मुदत किती आहे, मुदतीआधी काढण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याच्या लेखात बदल करण्याचा अधिकार कोणाला आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाही नाही’ असे नसेल, तर ती नेमणूक शोभेची समजावी.

न्यूयॉर्क टाइम्सने हे पद बंद केले, याचा अर्थ त्याची गरज संपली असा होतो का?

माझ्या मते होत नाही. जेसन ब्लेअर या वार्ताहराने अनेक बातम्या बनावट किंवा उचललेल्या मजकुरातून लिहिल्याचे २००३ मध्ये उघड झाले, तेव्हा टाइम्सने पब्लिक एडिटरचे पद निर्माण केले. पहिले पब्लिक एडिटर डॅनियल ओक्रेंट यांनी मे २००४ मध्ये इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याबद्दलच्या बातम्यांची झाडाझडती घेतली. सनसनाटी दावे ठळकपणे पहिल्या पानावर आले आणि त्यांना छेद देणारी माहिती आत दडली, हा दोष एकट्यादुकट्या वार्ताहराचा नसून संस्थेचा आहे, असे त्यांनी लिहिले. इराक युद्धाला पोषक ठरलेल्या बातम्यांबद्दल एवढे परखड लेखन त्याच वृत्तपत्रात येणे, यातच त्या पदाचे सार्थक होते.

वॉशिंग्टन पोस्टने २०१३ मध्ये आणि टाइम्सने २०१७ मध्ये ही पदे रद्द केली. समाजमाध्यमांवरचे असंख्य वाचकच आता पहारेकऱ्याचे काम करतात, असे टाइम्सच्या प्रकाशकांचे म्हणणे होते. समाजमाध्यमांवर चूक लगेच पकडली जाते, हे खरे आहे. परंतु तिथला वाचक उपसंपादकाला बोलावून ‘मथळा कोणी दिला, मूळ प्रत दाखवा’ असे म्हणू शकत नाही. शिवाय गोंगाटात रास्त आक्षेप आणि झुंडीचा हल्ला यांतला फरक पुसला जातो, आणि वृत्तपत्राला दोन्हींकडे एकदमच दुर्लक्ष करण्याची सोय मिळते.

भारतात कोणी लोकपाल नेमला आहे का?

टाइम्स ऑफ इंडियाने १९८९ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना या कामासाठी नेमले होते. ती प्रथा टिकली नाही. सातत्याने आणि लेखी अटींसह हे पद चालवले ते हिंदूने. गार्डियनच्या धर्तीवर २००६ मध्ये के. नारायणन पहिले रीडर्स एडिटर झाले, त्यांच्यानंतर एस. विश्वनाथन आणि ए. एस. पन्नीरसेल्वन यांनी ते काम केले. स्क्रोल या संकेतस्थळासाठी सी. राममनोहर रेड्डी आणि वायरसाठी पामेला फिलिपोस यांनी असेच काम केले आहे. ही नावे इंग्रजी माध्यमांची आहेत, आणि भारतीय भाषांतला वाचक संख्येने कितीतरी मोठा असताना यादी अशी असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रेस कौन्सिल असताना वृत्तपत्राच्या पातळीवर लोकपाल कशाला?

प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया १९६६ मध्ये स्थापन झाली आणि न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. आणीबाणीत ती बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. अध्यक्षांखेरीज तिचे २८ सदस्य असतात. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. त्याआधी संपादकाला लेखी कळवणे आवश्यक असते, आणि त्या विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नसल्याचे लिहून द्यावे लागते. चौकशीनंतर कौन्सिल समज देऊ शकते, ताकीद देऊ शकते किंवा ठपका ठेवू शकते. दंडाचा अधिकार तिला नाही.

गंभीर प्रकरणांसाठी हा मार्ग आहे आणि असायला हवा. परंतु तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेचे छायाचित्र भलत्याच बातमीला लागले, तर तिने दिल्लीला अर्ज पाठवून सुनावणीची वाट पाहावी, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. तिची तक्रार दोन दिवसांत, त्याच जिल्हा आवृत्तीत आणि तितक्याच ठळकपणे निकाली निघाली पाहिजे, आणि ते वृत्तपत्राच्या आतूनच होऊ शकते.

संकेतस्थळांसाठी सरकारने तक्रार अधिकारी बंधनकारक केला आहे ना? तो लोकपालच नव्हे का?

फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी तीन पातळ्यांची तक्रार व्यवस्था आहे. पहिल्या पातळीवर तक्रार अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा, दुसऱ्या पातळीवर प्रकाशकांची स्वनियमन संस्था आणि तिसऱ्या पातळीवर थेट केंद्र सरकारची देखरेख. या नियमांना ज्यांनी आव्हान दिले त्यांत लीफलेट हे संकेतस्थळ आणि ज्येष्ठ मराठी पत्रकार निखिल वागळे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि ही त्रिस्तरीय रचना यांविषयीच्या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली.

ज्या तक्रार व्यवस्थेच्या माथ्यावर सरकार बसलेले आहे ती वृत्तपत्राला वाचकासमोर उत्तरदायी करत नाही, सत्तेसमोर करते. लोकपालाची कल्पना याच्या उलट दिशेने जाते. त्याच्या वर कोणतेही मंत्रालय नसते आणि तो आपला निष्कर्ष वाचकाला सांगतो.

पेड न्यूजसारख्या, म्हणजे पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापण्याच्या, प्रकाराला लोकपाल आळा घालू शकतो का?

थेट घालू शकत नाही, कारण तो व्यवहार वार्ताहराच्या नव्हे, बहुधा व्यवस्थापनाच्या पातळीवर ठरतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात स्तुतीचा एकच मजकूर शब्दशः निरनिराळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी हिंदूमधून दाखवून दिले. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली, तिने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला, पण कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात स्वीकारला नाही. तो लोकांसमोर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

त्या दैनिकांपैकी एकाही ठिकाणी संरक्षित लोकपाल असता, तर वाचकाच्या एका पत्राच्या आधारे तो विचारू शकला असता की हा मजकूर कोणी लिहिला, तो दुसऱ्या दैनिकात जसाच्या तसा कसा आला आणि वर ‘जाहिरात’ असा शब्द का नाही. उत्तर मिळाले नसते, तर उत्तर मिळाले नाही एवढेच त्याने छापले असते. तेवढ्या एका ओळीनेही खूप फरक पडला असता.

मराठी वृत्तपत्रांत वाचकांची पत्रे छापली जातात. ती परंपरा पुरेशी नाही का?

ती परंपरा खरोखर मोलाची आहे. लोकसत्तातील ‘लोकमानस’ किंवा महाराष्ट्र टाइम्समधील ‘बहुतांची अंतरे’ यांसारख्या सदरांनी पिढ्यान् पिढ्या वाद घडवले, अग्रलेखांना खडे बोल सुनावणारी पत्रेही छापली. मात्र कोणते पत्र छापायचे हे संपादकीय विभागच ठरवतो, आणि पत्राला वस्तुस्थितीची चौकशी करून उत्तर देणारे कोणी नसते.

मार्च २०१६ मध्ये मदर तेरेसा यांच्या संतपदाविषयीचा अग्रलेख लोकसत्ताने दुसऱ्याच दिवशी दिलगिरी व्यक्त करून मागे घेतला. त्या अग्रलेखातील मतांशी सहमत असलेले वाचक होते आणि दुखावलेलेही होते, पण अग्रलेख मागे घेण्याचा निर्णय का आणि कसा झाला, हे दोघांनाही जाणून घ्यायचे होते. अशा वेळी लोकपाल दोन्ही बाजूंच्या वाचकांच्या उपयोगी पडतो. संपादकाच्या लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहण्याचे कामही तो करू शकतो, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

जिल्हा दैनिकाला हे परवडेल का?

पूर्णवेळ लोकपाल परवडणार नाही. पण स्वीडनप्रमाणे अनेक वृत्तपत्रांनी मिळून एक व्यक्ती नेमता येते. आयर्लंडमध्येही २००८ पासून वृत्तपत्रसृष्टीचा सामाईक लोकपाल आहे. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव किंवा पणजीहून निघणाऱ्या दैनिकांनी मिळून एखाद्या निवृत्त संपादकाला तीन वर्षांच्या लेखी मुदतीवर, आठवड्यातून दोन दिवसांच्या कामासाठी नेमणे अवघड नाही. अडचण पैशाइतकीच तयारीची आहे. आपल्या पानावर आपल्याविरुद्धचा निष्कर्ष छापायला मालकाने आधीच संमती देणे, ही त्यातली खरी किंमत.

तोपर्यंत वाचकाने तक्रार कशी करावी?

संपादकाच्या नावे लेखी करावी आणि स्वतःचे नाव व पत्ता द्यावा. तारीख, पान क्रमांक आणि विशेषतः आवृत्ती लिहावी, कारण एकाच दैनिकाच्या पुणे आणि नगर आवृत्तीत त्याच बातमीचा मथळा वेगळा असू शकतो. कात्रण किंवा पानाचे छायाचित्र जोडावे. संकेतस्थळावरची बातमी असेल तर पडद्याचे छायाचित्र आधी घ्यावे, कारण तिथला मजकूर मागाहून काही न सांगता बदलला जातो. नेमके कोणते वाक्य चूक आहे, बरोबर काय आहे आणि त्याचा पुरावा कोणता, हे तीन-चार वाक्यांत मांडावे. वृत्तपत्राच्या हेतूविषयीचे आरोप त्यात मिसळू नयेत. दुरुस्ती कोणत्या पानावर हवी हेही स्पष्टपणे मागावे. पाठवल्याची पोच जपून ठेवावी, कारण प्रेस कौन्सिलकडे जाण्याची वेळ आली तर संपादकाला आधी कळवल्याचा तोच पुरावा असतो, आणि दोन महिन्यांची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते.